कोपीपर्यंत वाचन

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघू लागलेल्या असतील. मुकादमाची उचल फेडायला निघालेली जोडपी, त्यांची भांडीकुंडी आणि त्या सामानावर बसलेली शाळकरी पोरं. सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा यांतली कितीतरी मुलं दूरच्या कुठल्या कारखान्याच्या हद्दीत, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतील. गावच्या शाळेतला भिंतीवरचा टीव्ही मात्र जागच्या जागी राहील.

तो टीव्ही गावाने हौसेने आणला आहे. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, शाळा डिजिटल करण्याची लाट वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली आणि लोकवर्गणीतून पडदे, प्रोजेक्टर, टॅब उभे राहिले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना क्यूआर कोडच्या कामासाठी २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. आपल्या नगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातल्या गोपाळवाडीच्या शिक्षकांना त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या कामाचा आम्हाला अभिमान आहे.

तरीही एक गोष्ट बोलायला हवी. पडद्यावर कविता लागते, पोरं ठेक्यात म्हणतात, वर्ग दणाणतो. मग पुस्तकातल्या त्याच कवितेच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवा. जोडाक्षर आलं की आवाज बसतो. कविता पाठ झालेली असते, वाचता आलेली नसते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ आणि २०२४ मध्ये ४८.८. मोबाइल घराघरांत शिरला त्याच वर्षांत आपण होतो तिथेही परत पोचलो नाही.

वाचन येतं ते मोठ्याने वाचून, अडखळून, कुणीतरी तिथल्या तिथे सांभाळून घेतल्यावर. द्विशिक्षकी शाळेत एकेका गुरुजींकडे दोन-दोन इयत्ता. प्रत्येक मुलाचं वाचन रोज ऐकायला वेळ आणायचा कुठून? यंत्राची खरी गरज इथे आहे. गुगलचं ‘रीड अलाँग’ मराठीत आहे. मूल वाचतं, ॲप ऐकतं, अडलेला शब्द उच्चारून दाखवतं, आणि एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट आहेत. ब्रिज कोठारी यांनी गुजरात दूरदर्शनच्या चित्रगीतांवर गाण्याच्याच भाषेत ओळी दाखवायला सुरुवात केली. पुढे ‘झी टॉकीज’वर मराठी चित्रपटांनाही मराठीच उपशीर्षकं देऊन पाहिली गेली. कानावर पडलेला शब्द त्याच क्षणी डोळ्यांपुढे येतो. शाळेतल्या टीव्हीवर लागणाऱ्या प्रत्येक गाण्याखाली ओळी असाव्यात, एवढं तर शिक्षक उद्यापासून ठरवू शकतात.

अकोले तालुक्याच्या डोंगरातलं ठाकर किंवा महादेव कोळी मूल आपल्या बोलीच्या वळणाने शब्द उच्चारील आणि ॲप तो चूक धरील, ही भीती खरी आहे. तिथे गुरुजींचाच कान हवा. यंत्र आलं तरी माणूस लागतोच, हे नगरला नवं नाही. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक नगरमधून छापून निघू लागलं, पण वाचणारे घडवायला सिंथिया फॅरारबाईंसारख्यांच्या शाळा लागल्या, आणि सावित्रीबाई फुले शिकवण्याचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या.

आता त्या गाड्यांवरच्या पोरांकडे येऊ. आजी-आजोबांपाशी मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. ती वेळेवर सुरू व्हावीत. जी जातात त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. त्यावर इयत्तेबरोबर मूल शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं की गोष्ट, हेही लिहिलं जावं, म्हणजे नव्या शाळेतल्या बाईंना कुठून सुरुवात करायची ते कळेल. भिंतीवरचा टीव्ही फडावर जाणार नाही, पण बहुतेक कोपीत एक तरी मोबाइल असतो. गाडी निघण्याआधी गुरुजींनी त्यात दहा-वीस गोष्टी भरून द्याव्यात, आणि आठवड्यातून एकदा मुलाने एक पान मोठ्याने वाचून तो आवाज व्हॉट्सॲपवर गावच्या शाळेला पाठवावा. गुरुजींनी तो ऐकून उत्तर द्यावं. याला वर्गणी लागत नाही, शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. यंदाच्या हंगामात ज्या शाळा हे करतील, त्यांनी आम्हाला जरूर कळवावं. पुढच्या अंकाची पानं त्यांच्या अनुभवांसाठी राखून ठेवत आहोत.