विश्लेषण : शंभर रात्रींच्या कमाईवर वर्ष कसे काढायचे? झाडीपट्टीच्या नटाचा हिशेब काय सांगतो?

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, घरे पाहुण्यांनी भरतात, लग्नाच्या मुलामुलींची बोलणीही याच गर्दीत होतात. आणि रात्री नाटक असते. साकोली, लाखांदूर, पवनीच्या पट्ट्यात कधी कधी एकाच रात्री शेजारशेजारच्या गावांत पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते.

स्टेजवर टाळ्या घेणाऱ्या नटाच्या घरी मात्र वेगळीच आकडेमोड सुरू असते. काम चार-पाच महिन्यांचे आणि खर्च बारा महिन्यांचा. अभिनयाला ‘करिअर’ म्हणणाऱ्या तरुणांची संख्या या भागात कमी नाही. पण त्याकडे किराणा दुकान किंवा पिठाच्या गिरणीसारखा छोटा व्यवसाय म्हणून पाहिले, तर चित्र काय दिसते?

झाडीपट्टीत नाटकाचा धंदा चालतो कसा?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडीगंमत यांसारख्या लोककलांच्या जोडीने येथे नाटकाची स्वतंत्र रंगभूमी उभी राहिली. तिचे केंद्र लाखांदूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा म्हणजे देसाईगंजमध्ये आहे. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे आहेत. दिवाळीच्या आधी गावकरी तेथे जातात, नट कोण, नटी कोण, नाटक कोणते, हे पाहतात आणि तारीख पक्की करतात.

व्यवहार सरळ आहे. गावातले मंडळ नाट्यसंस्थेला ठरलेली रक्कम देते आणि तिकीट विक्री स्वतः करते. गर्दी झाली तर नफा मंडळाचा, पाऊस आला तर तोटाही त्याचाच. संस्था त्या रकमेतून नट, नटी, वादक, प्रॉम्प्टर, मेकअप, प्रकाश, पडदे आणि गाडी भागवते. म्हणजे प्रेक्षक जी जोखीम तिकिटातून उचलतो, ती आधी मंडळाकडे, मग संस्थेकडे आणि शेवटी नटाकडे झिरपते. नट साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो. चांगल्या रात्रीचा नफा मात्र त्याच्यापर्यंत येत नाही. त्याची ‘नाइट’ ठरलेली असते.

एका रात्रीचा दर मोठा, मग अडचण कुठे?

गल्लत नेमकी येथे होते. दोन हजारांची नाइट ऐकली की महिन्याला साठ हजार, असा हिशेब घरचेही करतात आणि लग्नाच्या बैठकीत पाहुणेही करतात. उदाहरण म्हणून एक काल्पनिक नट घेऊ. दर २ हजार रुपये आणि हंगामात ९० प्रयोग. एकूण जमा १ लाख ८० हजार.

आता खर्च. पाच महिने वडशात खोली, महिना २ हजारप्रमाणे १० हजार. कपडे, दागिने, स्वतःचे मेकअप साहित्य १२ हजार. घर ते वडसा जाणे-येणे ९ हजार. प्रयोग नसलेल्या दिवसांचे जेवणखाण १० हजार. मोबाइल, फोटो, व्हिडीओ, औषधपाणी ५ हजार. बेरीज ४६ हजार. म्हणजे पहिल्या २३ रात्री तो फक्त खर्च भरून काढण्यासाठी उभा राहतो. उरलेल्या ६७ रात्रींचे १ लाख ३४ हजार ही त्याची खरी कमाई. बारा महिन्यांत वाटली तर महिना ११ हजार १६७ रुपये.

आता १५ तारखा अवकाळी पावसाने किंवा अन्य कारणाने रद्द झाल्या असे समजू. जमा ३० हजारांनी घटते, म्हणजे सुमारे १७ टक्के. खोलीभाडे आणि कपड्यांचा खर्च मात्र आधीच होऊन गेलेला असतो. त्यामुळे हातात उरणारी रक्कम १ लाख ४ हजारांवर येते. ही घट २२ टक्क्यांहून जास्त आहे. कोणत्याही दुकानदाराला हे गणित तोंडपाठ असते. नटाला मात्र ते होळीनंतर, खिसा रिकामा झाल्यावर कळते.

नटींचे गणित आणखी वेगळे. अनेक जणी नागपूर, पुणे, मुंबईहून हंगामापुरत्या येऊन राहतात. नाइट जास्त मिळते, पण सुरक्षित खोली, रात्रीचा प्रवास, सोबत कुणाला आणले तर त्याचा खर्च, हे सारे त्यांच्याच पदरात पडते. दर ठरवताना ते क्वचितच मोजले जाते.

९०-१०० रात्री हा आकडा हवेतला आहे का?

झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे हे कलावंत. त्यांच्या नावावर ५ हजारांहून अधिक प्रयोग आणि ८०० वेगवेगळ्या भूमिका सांगितल्या जातात. पाच दशकांवर हे प्रयोग पसरवले तर वर्षाला सरासरी १०० येतात. सर्वाधिक मागणी असलेल्या नटाचा हा आकडा असेल, तर नवख्याने ६० धरून चालणेच शहाणपणाचे. खुणे यांनी नाटकासोबत शेतीही सोडली नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

जोडधंद्याचे वेळापत्रकही अडचणीचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तेंदूपत्ता, ही कामे नाटकाच्या आड येत नाहीत. पण भारी धानाची कापणी आणि मळणी नेमकी मंडईच्या दिवसांत येते. घरचे शेत असलेल्या नटाला तेव्हा मजूर लावावे लागतात. ती मजुरी खरे तर नाटकाच्या खर्चात धरायला हवी. ती कुणी धरत नाही.

बिनव्याजी उचल खरोखर बिनव्याजी असते का?

पावसाळ्यात हात रिकामा असताना संस्थाचालकाकडून उचल घेण्याची पद्धत हंगामी कामांत सगळीकडे आहे. ऊसतोडीत आहे, तमाशात आहे, येथेही आहे. वरच्या उदाहरणातल्या नटाने पोळ्याच्या सुमारास ४० हजार उचलले, तर २० रात्री आधीच विकल्या गेल्या. खर्चाच्या २३ रात्री मिळवल्या तर ४३ होतात. जवळपास अर्धा हंगाम सरेपर्यंत त्याच्या हाती मोकळा रुपया येत नाही.

उचलीवर व्याज नसते हे खरे. पण ज्याचे पैसे घेतले त्याच्याशी दराची घासाघीस करता येत नाही आणि दुसरीकडून चांगला दर आला तरी जाता येत नाही. उचलीपायी दर रात्री २०० रुपये कमी स्वीकारावे लागले, तर ९० रात्रींत १८ हजार गेले. हेच ४० हजार बँकेकडून १२ टक्के दराने आठ महिन्यांसाठी घेतले असते, तर सरळ व्याज ३ हजार २०० रुपये, म्हणजे दोन रात्रींपेक्षाही कमी, पडले असते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. अडचण एवढीच की बँक विचारते, उत्पन्नाचा पुरावा काय? संस्थाचालक विचारत नाही.

संस्थाचालकाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. मंडळाकडून येणे बाकी असताना गाडीचे डिझेल आणि वादकांचे पैसे त्यालाही रोख मोजावे लागतात. पण उचल ही त्याच्यासाठी चांगला नट हंगामभर बांधून ठेवण्याची किंमत आहे. नटाने ती मदत समजली की हिशेब चुकतो.

पूर्ण हंगामच गेला तर?

हे दोनदा घडून गेले आहे, दोन वेगवेगळ्या प्रकारे. झाडीपट्टीत शंकरपट आणि नाटक यांची जोडी आहे. दिवसा बैलांच्या शर्यतीला जमलेली गर्दी रात्री नाटकाला थांबते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली. राज्याच्या दुरुस्ती कायद्यानंतर १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने हे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात नाटके बंद पडली नाहीत, पण पटाच्या निमित्ताने आपोआप मिळणाऱ्या तारखांचा आधार गेला. नटाचा काहीही संबंध नसलेल्या एका खटल्याने त्याच्या बाजारावर परिणाम केला.

दुसरा धक्का करोनाचा. २०२०-२१ चा हंगाम जवळपास बुडाला. २०२१ मध्ये राज्य सरकारने एकल कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. वरच्या उदाहरणातल्या दराने अडीच रात्रींची ही रक्कम. तीही मिळवायची तर आपण कलावंत आहोत हे कागदावर दाखवायला हवे. आयुष्यभर स्टेजवर उभे राहिलेल्यांकडेही अनेकदा दाखवायला असतात ती जुनी पोस्टर आणि जाहिरातीची पत्रके.

कागद तयार कसा होतो?

सुरुवात वहीपासून. तारीख, गाव, संस्था, नाटक, ठरलेला दर, मिळालेली रक्कम, बाकी. सहा-सात रकाने, रोज दोन मिनिटे. मानधन रोख मिळत असेल तरी त्यातला घरखर्च सोडून उरलेला भाग बँकेत भरला किंवा यूपीआयने मागितला, तर खात्यावर नोंद राहते. करार वकिलाकडूनच व्हायला हवा असे नाही. ‘९० प्रयोग, दर २ हजार, रद्द झाल्यास अमुक’ एवढा व्हॉट्सॲप संदेश आणि त्यावर समोरच्याचा होकार हाही काहीच नसण्यापेक्षा बरा पुरावा आहे.

त्यानंतर उद्यम नोंदणी. केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे ती मोफत होते. कला व मनोरंजन सेवा हा वर्ग त्यात आहे. पैसे मागणारी सारख्या नावाची संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

कराची धास्ती अनाठायी आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतचे उत्पन्न मूळ सवलतीतच येते आणि १२ लाखांपर्यंत करसवलत मिळते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे आणि ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर हा करच नाही. तरीही विवरणपत्र भरावे, कारण कर्ज देताना बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. शून्य कराचे विवरणपत्र हा नटासाठी सर्वात स्वस्त पुरावा ठरतो.

म्हातारपणाचाही प्रश्न आहे. राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाच्या योजनेतून ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मानधन मिळते. त्यासाठी वर्षानुवर्षे कला केल्याचे पुरावे लागतात. पंचविशीत ठेवलेली वही पन्नाशीत उपयोगी पडते ती अशी.

नोंदणी असूनही थकबाकी का मिळत नाही?

सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशिराच्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे आणि तक्रारीसाठी परिषद आहे. कागदावर हे शस्त्र चांगले आहे. पण वडशाचे वर्तुळ लहान आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच दारात पुढच्या दसऱ्याला कामासाठी जायचे असते. त्यामुळे एकट्या नटाने तक्रार करावी हा सल्ला पुस्तकी ठरतो. जास्त उपयोगी पडतो तो आठवड्याचा हिशेब आठवड्यात, बाकी साचण्याआधी. चार रात्रींची थकबाकी मागता येते. चाळीस रात्रींची झाली की ती विनवणी होते.

मग थेट मुंबई गाठावी का?

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस तुमसर रोड, भंडारा रोड घेत मुंबईला जाते आणि दर वर्षी काही जण फोटोंची फाइल घेऊन त्यात बसतात. झाडीपट्टीवर २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आल्यावर या भागातल्या नटांकडे बाहेरचे लक्ष गेले, हे खरे. पण मुंबईत पैशाचे चक्र उलटे फिरते. येथे पडदा पडल्यावर किंवा आठवडाभरात पैसे हातात येतात. मालिकांमध्ये काम केल्यानंतर ९० दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत आहे आणि कलाकारांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध वारंवार आवाज उठवला आहे. म्हणजे पहिल्या दिवशी काम मिळाले तरी तीन महिन्यांचे भाडे आणि जेवण खिशात हवे. काम मिळायला सहा महिने लागले तर नऊ महिन्यांचे. दुकान टाकताना याला खेळते भांडवल म्हणतात. महिना १५ हजार धरले तर ते १ लाख ३५ हजार होते. वरच्या नटाची एका पूर्ण हंगामाची निव्वळ कमाई १ लाख ३४ हजार होती.

म्हणून पैसे भरून ऑडिशन, पैसे भरून ‘आर्टिस्ट कार्ड’, पैसे भरून भूमिका असे कुणी सांगितले की तेथूनच परत फिरावे. काम देणारा पैसे घेत नाही. मालिका किंवा चित्रपटातून वर्षाला ५० हजारांवर रक्कम मिळाली तर निर्माता १० टक्के कर कापून घेतो. विवरणपत्र न भरणाऱ्यांचे ते पैसे सरकारकडेच राहतात. नव्या नटासाठी ५ हजारांची ही कपात म्हणजे झाडीपट्टीतल्या अडीच रात्री.