नेट त्यांचं, कार्ड तुमचं

मूल मोहालीला शिकायला गेलं की घरी पहिल्या महिन्यात दोन तक्रारी ठरलेल्या. एक मेसमधल्या राजम्याची. ती दिवाळीपर्यंत आपोआप मिटते, पुढे तर सुट्टीत घरी येऊन पोरं राजमाच मागतात. दुसरी मात्र मिटत नाही: खोलीत वायफाय टिकत नाही. मग इकडे सांगलीत किंवा अकोल्यात बसलेले बाबा विचारतात, "नेट खराब आहे की लॅपटॉप?" आणि तिकडचं उत्तर असतं, "ते म्हणतात लॅपटॉप, लॅपटॉपवाले म्हणतात नेट."

मोहाली आणि आसपासचा पट्टा आता शिक्षणाचाच झाला आहे. सेक्टर ६७ मध्ये नायपर, सेक्टर ८१ मध्ये २००७ साली स्थापन झालेली आयसर, शिवाय चंदीगडपासून खरडपर्यंत पसरलेली खाजगी विद्यापीठं. पुढे लिहितो ते यांपैकी कुणा एकाचं गाऱ्हाणं नाही. पुण्यात, वर्ध्यात, गोव्यातही हेच चालतं. भाचा मोहालीला असल्यामुळे तिथलं नमुन्यादाखल जवळून पाहायला मिळालं, एवढंच.

भाच्याचा लॅपटॉप वाचनालयात उत्तम चालायचा आणि खोलीत पाच-दहा मिनिटांनी मान टाकायचा. संगणक विभागातले गृहस्थ सज्जन होते. "ओ जी, नेट तां ठीक है," म्हणाले, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर नेट लावून दाखवलं. लॅपटॉप कंपनीच्या सेवा केंद्राने त्यांच्या टेबलावर लॅपटॉप चालवून दाखवला आणि 'दोष आढळला नाही' असं लिहून दिलं. दोघंही खरं बोलत होते.

अशा वेळी सगळे एकच चाचणी सांगतात: मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघ. त्यावर चाललं तर दोष कॅम्पसचा. भाच्याचं हॉटस्पॉटवर झकास चाललं आणि तिथेच सगळी गाडी चुकीच्या रुळावर गेली. कारण हॉटस्पॉटचा फोन लॅपटॉपपासून हातभर अंतरावर असतो. कॅम्पसचा अ‍ॅक्सेस पॉइंट असतो कॉरिडॉरच्या छताला, मधे एक वीटभिंत आणि भिंतीला टेकून लोखंडी कपाट. बहिऱ्या माणसालाही कानाशी तोंड नेऊन बोललेलं ऐकू येतं. खरी चाचणी म्हणजे त्याच खोलीत, त्याच टेबलावर, त्याच वेळी शेजाऱ्याचा लॅपटॉप ठेवून सिग्नलचा आकडा बघायचा. तोही डीबीएममधला, कोपऱ्यातल्या पंख्यासारख्या दांड्या नव्हेत. शेजाऱ्याचा निघाला उणे ६२, भाच्याचा उणे ८२. आकडे जवळचे वाटतात, पण हे मोजमाप लॉगरिदमचं आहे. वीसचा फरक म्हणजे शंभरावा हिस्सा सिग्नल.

मग वसतिगृहातल्या एका पंजाबी सीनिअरने बारका स्क्रू ड्रायव्हर काढला आणि मागचं झाकण उघडलं. वायफाय कार्डाला दोन तारा येतात, एक काळी, एक पांढरी. त्या बिजागरीतून वर जाऊन स्क्रीनच्या कडेला अँटेनाला मिळतात. कार्डाकडच्या टोकाला बारीक गोल धातूची टोपी असते, ती बोटाने दाबून टक् असा आवाज येईपर्यंत बसवायची. भाच्याच्या दोन्ही टोप्या सुटलेल्या, एक तर बॅटरीवर लोळत होती. निघण्याआधी गावच्या दुकानात एसएसडी टाकून घेतली होती, तेव्हा कारागिराने तारा बाजूला केल्या आणि परत बसवायच्या राहिल्या. दोन टोप्या दाबल्या, काम झालं. खर्च शून्य. तोवर सत्राचा बराचसा भाग वाचनालयाच्या पायरीवर गेला होता.

सगळ्यांचंच दुखणं इतकं सरळ नसतं. वीज वाचवण्यासाठी विंडोज मधूनच कार्ड झोपवतं, ते डिव्हाइस मॅनेजरमधली एक खूण काढली की थांबतं. काही कार्डं दूरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला इतकी चिकटतात की डोक्यावरचा दुसरा दिसत असूनही सोडत नाहीत. स्वस्त लॅपटॉपात अजून फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं कार्ड सापडतं. त्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. वसतिगृहाच्या एका मजल्यावर खोलीखोलीतून हॉटस्पॉट सुरू असले की तिथे आठवडी बाजाराचा कालवा होतो. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये विनापरवाना खुला झाला, पण कार्डालाच तो ऐकू येत नसेल तर सरकारने खुला करून उपयोग काय?

आणि ड्रायव्हर. विज्ञानाच्या कॅम्पसवर लिनक्स वापरणारी मुलं पुष्कळ, त्यांना एक जुना किस्सा ठाऊक असतो. रिअलटेकच्या आरटीएल ८७२३बीई या कार्डाला जोड दोन, पण एचपीच्या काही लॅपटॉपांत अँटेनाची तार एकच जोडलेली. ड्रायव्हर नेमका रिकाम्या जोडाकडे कान लावून बसायचा. सेटिंगमध्ये एक आकडा बदलला की सिग्नल उसळी मारायचा. रिअलटेकच्या अशा कित्येक कार्डांचे लिनक्स ड्रायव्हर वर्षानुवर्षं सांभाळले ते लॅरी फिंगर या निवृत्त शास्त्रज्ञाने, पदराला खार लावून. अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेत त्यांची उमेदीची वर्षं स्फटिकांची रचना उलगडण्यात गेली. फिंगराइट नावाचं एक खनिज त्यांच्या नावावर आहे. २०२४ मध्ये ते गेले. अनोळखी मुलांच्या तक्रारींना ते स्वतः उत्तरं देत. कार्डाच्या अब्जावधी उलाढालीत वापरणाऱ्याचं ऐकायला बसलेला माणूस हा असा, बिनपगारी.

हे सगळं ज्या गावात चालतं, त्या मोहालीतल्या सरकारी कारखान्यात १९८४ पासून चिप बनते. १९८९ च्या आगीत तो बेचिराख झाला, पुन्हा उभा राहिला आणि २०२५ मध्ये तिथे घडलेल्या 'विक्रम' प्रोसेसरचे देशभर फोटो झळकले. लॅपटॉपातलं वायफायचं कार्ड मात्र तैवानचं नाहीतर अमेरिकेचं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

माझी तक्रार कार्डाबद्दल कमी आणि संस्थांच्या एका सवयीबद्दल जास्त आहे. आमची हद्द अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं त्या म्हणतात. एकेकाळी हे ठीक होतं, तेव्हा संगणक कक्ष होते. आता हजेरी, गृहपाठ, परीक्षेचा अर्ज, मेसचं बिल, सगळं त्याच नेटवरून सक्तीने करून घेता. मग विद्यार्थ्याच्या लॅपटॉपातलं कार्ड हा तुमच्याच जाळ्याचा शेवटचा तुकडा झाला.

शिवाय हद्दीबाहेरचा म्हणून जो सल्ला फुकट मिळतो तो कधी घातक असतो. कॅम्पसच्या नेटला प्रत्येकाचं वेगळं नाव आणि पासवर्ड लागतो. पासवर्ड देण्याआधी समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे लॅपटॉप प्रमाणपत्रावरून तपासतो. लॅपटॉपच्या घड्याळाचा सेल संपून तारीख मागे गेली की ही तपासणी फसते. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे तपासणीच बंद करा. मग कॅन्टीनमध्ये बसून त्याच नावाचं खोटं वायफाय उघडणाऱ्या कुणाच्याही हाती पासवर्ड लागायची सोय होते. गूगलने पिक्सेल फोनांवर डिसेंबर २०२० मध्ये हा पर्यायच काढून टाकला, तेव्हा 'अँड्रॉइडने नेट बिघडवलं' अशी ओरड झाली. गूगलचं बरोबर होतं. विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीनेही एंटरप्राइझ आणि एज्युकेशन प्रकारांत साठवलेला पासवर्ड नाव-पासवर्डाच्या जुन्या पद्धतीवर चालणाऱ्या नेटला आपोआप देणं थांबवलं. मुलाला वाटतं कार्ड बिघडलं. खरं तर संस्थेनेच जोडणीची पद्धत बदलायची वेळ झालेली असते.

करायचं काय, तर फार नाही. मदत कक्षात चांगले चार-सहा यूएसबी वायफाय अडॅप्टर ठेवा, आठवडाभर उसने द्या. उसन्यावर खोलीत नेट टिकलं तर दोष लॅपटॉपचा, नाही टिकलं तर कॉरिडॉरचा. वाद तिथल्या तिथे संपतो. विद्यार्थ्याच्या खोलीत जाऊन आकडा मोजणारा माणूस नेमा, तोही विद्यार्थीच असला तर उत्तम. कुठली कार्डं आपल्या नेटवर रडतात हे मदत कक्षाला तोंडपाठ असतं. ती यादी प्रवेशपत्रासोबत पाठवा, म्हणजे आई-बाबा दुकानात प्रोसेसर आणि रॅमच्या जोडीला कार्डाचंही नाव विचारतील.

आणि नव्या वसतिगृहांच्या आराखड्यांतून लॅनचं सॉकेट गाळायची जी टूम निघाली आहे ती थांबवा. भिंती उघड्या असताना तार ओढायला फारसं लागत नाही. प्लास्टर झाल्यावर तेच काम कुणी करत नाही. परीक्षेच्या रात्री ज्याचं कार्ड मान टाकेल, त्याला तीच तार लागणार आहे.