माती कोणत्या खात्याची?

संसदेत खतांवर चर्चा वारंवार होते, मातीवर क्वचितच. हंगामाच्या तोंडावर टंचाईवरून खासदार सरकारला धारेवर धरतात आणि मंत्रिमहोदय साठ्याची आकडेवारी वाचून मोकळे होतात. ते खत ज्या जमिनीत पडते तिचे काय होत आहे, हा प्रश्न मात्र कोणत्या मंत्र्याला विचारावा हेच स्पष्ट नाही. खते रसायन मंत्रालयाकडे, मृदा आरोग्य पत्रिका कृषी मंत्रालयाकडे, पाणलोट विकास ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाकडे, वाळवंटीकरणविषयक आंतरराष्ट्रीय करार पर्यावरण मंत्रालयाकडे आणि तिजोरीची किल्ली अर्थ मंत्रालयाकडे. पाच कारभाऱ्यांच्या या घरात मातीला वाली नाही.

या अनास्थेची किंमत थोडीथोडकी नाही. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास ३० टक्के भूभाग अवनत झालेला होता. अशा जमिनीचा मोठा वाटा असलेल्या राज्यांत राजस्थान आणि गुजरातबरोबर महाराष्ट्रही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रेटर नोएडा येथील वाळवंटीकरणविरोधी परिषदेत २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पूर्ववत करण्याचा संकल्प पंतप्रधानांनी जाहीर केला. संकल्प मोठा होता. परंतु त्याच्या विरुद्ध दिशेने ओढणारी शक्ती सरकारच्याच अर्थसंकल्पात आहे आणि तिचे नाव युरियाचे अनुदान.

या अनुदानाला हात लावण्याचे धैर्य आजवर कोणत्याही पक्षाला झालेले नाही. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी खतांच्या किमतीत ४० टक्के वाढ सुचवली. विरोधकांइतकाच स्वपक्षीयांचाही रोष पाहून ती ३० टक्क्यांवर आणावी लागली. ऑगस्ट १९९२ मध्ये संयुक्त संसदीय समितीच्या शिफारशींनंतर स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली. युरिया मात्र नियंत्रणात राहिला, इतकेच नव्हे तर स्वस्तही झाला. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्याधारित अनुदानाचे धोरण आले, तेव्हाही युरिया वगळण्यात आला. सरकारे बदलली, अपवाद कायम राहिला. २०१२ मध्ये टनाला ५,३६० रुपये ठरलेला दर त्यानंतर दशकाहून अधिक काळ जागचा हलला नाही. ४५ किलोची गोणी करांव्यतिरिक्त २४२ रुपयांना मिळत असताना तिचा खरा खर्च सुमारे २,२०० रुपये असल्याचे सरकारनेच २०२३ मध्ये सांगितले.

याचा परिणाम शेतात दिसतो. नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे ४:२:१ हे प्रमाण सर्वसाधारणपणे आदर्श मानले जाते. स्वस्त युरियाने ते नत्राकडे पार झुकवले. पिकाने न घेतलेल्या नत्राचा काही भाग नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो, तर काही नायट्रस ऑक्साईड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. यात शेतकऱ्याला अडाणी ठरवणे सोपे, पण अन्यायाचे आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगढ येथे सुरू झालेल्या योजनेतील मृदा आरोग्य पत्रिका त्याला संतुलित खते वापर असे सांगते. दुकानातील किंमत त्याला युरिया वापर असे सांगते. ज्याचा हिशेब हातावर पोट असल्यासारखा रोजचा आहे, तो पत्रिकेपेक्षा किमतीचे ऐकणार, हे उघड आहे.

किमतीला हात न लावता वापर घटवण्याचे उपाय बरेच झाले. २०१५ मध्ये सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण आले, २०१८ मध्ये गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोची झाली. युरियाचा वापर २०२२ पर्यंत निम्म्यावर आणावा, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये आकाशवाणीवरून केले होते. प्रत्यक्षात तेव्हा सुमारे तीन कोटी टन असलेला खप २०२२-२३ मध्ये साडेतीन कोटी टनांच्या पुढे गेला. युक्रेन युद्धाने वायू महागलेल्या त्या वर्षी खतांवरील एकूण अनुदान अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचले. कृषी विभागाच्या त्या वर्षीच्या तरतुदीच्या हे सुमारे दुप्पट होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नैसर्गिक शेती अभियानाच्या वाट्याला मात्र २,४८१ कोटी रुपये आले. सरकारचा खरा प्राधान्यक्रम भाषणांपेक्षा या दोन आकड्यांतून अधिक स्पष्ट होतो.

अनुदान काढले तर लहान शेतकरी भरडला जाईल, हा आक्षेप खोटा नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घातली आणि उत्पादन कोसळू लागताच काही महिन्यांत ती मागे घेतली. तो धडा घाईविरुद्धचा आहे, सुधारणेविरुद्धचा नाही. शिवाय आजचे अनुदान गोणीमागे मिळते. म्हणून ज्याच्याकडे पाणी आहे आणि जो अधिक गोण्या टाकतो, त्याला ते अधिक मिळते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात त्यातले थोडेच पडते. २०१८ पासून देशभर लागू झालेले थेट हस्तांतरणही नावापुरतेच थेट आहे, कारण विक्रीनंतर पैसे जमा होतात ते कंपनीच्या खात्यात.

पर्याय शोधायला लांब जाण्याची गरज नाही. शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्येच हेक्टरी सुमारे ७,००० रुपये थेट शेतकऱ्याच्या हाती द्यावेत आणि खतक्षेत्र नियंत्रणमुक्त करावे, असे सुचवले होते. ही रक्कम आधी खात्यात जमा करून मग युरियाचा दर टप्प्याटप्प्याने वाढवला, तर शेतकऱ्याच्या हातचे काही जात नाही. निवड मात्र त्याच्या हाती येते. कुळांच्या आणि बटाईदारांच्या नोंदी नसणे ही खरी अडचण आहे आणि ती सोडवण्याचे काम राज्यांचे आहे. खताची बचत करणाऱ्या राज्याला वाचलेल्या अनुदानाचा निम्मा हिस्सा देण्याची योजना केंद्राने जून २०२३ मध्ये तीन वर्षांसाठी मंजूर केली. तत्त्व योग्य होते; परंतु ज्याच्या हाताने गोणी रिकामी होते, त्याला दर बदलल्याखेरीज बचतीचे कारण मिळत नाही.

त्यासाठी सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात किमान सहमती लागेल. १९९१ पासून प्रत्येक सरकारने हा निर्णय पुढच्यावर ढकलला आणि प्रत्येक विरोधी पक्षाने त्याला ढकलू दिले. मातीला मत नसते. म्हणून तिचे घोंगडे भिजत ठेवणे आजवर परवडले. पण नापीक होत चाललेल्या जमिनीवर राहणाऱ्यांना मत असते, आणि त्यांचा हिशेब कोणत्याच खात्याकडे टोलवता येणार नाही.