डिजिटल वर्ग : पर्यायी की पूरक?

संमिश्र अध्यापनाचे टक्के ठरले. पण पडद्यामुळे मोकळ्या झालेल्या तासांचे काय करायचे, हे ठरलेले नाही. अर्थशास्त्रासारख्या विषयाचे भवितव्य त्याच उत्तरावर अवलंबून आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याची मुभा २०१६ साली दिली, तेव्हा एका सत्रातील जास्तीत जास्त २० टक्के अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने संमिश्र अध्यापनाविषयीचे टिपण प्रसृत केले आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उर्वरित भाग प्रत्यक्ष वर्गात, अशी विभागणी सुचवली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाशी हे सुसंगतच होते. करोनाकाळात नाइलाजाने स्वीकारलेली पद्धत आता नियमित व्यवस्थेचा भाग होत आहे आणि त्यात मुळात आक्षेपार्ह असे काही नाही. प्रश्न आहे तो टक्केवारी ठरली की धोरण पूर्ण झाले, असे मानण्याच्या प्रशासकीय सवयीचा. चाळीस टक्के पडद्यावर गेल्यानंतर उरलेल्या साठ टक्क्यांत काय घडणार, हा खरा शैक्षणिक प्रश्न; आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

हा प्रश्न कोणत्याही विषयाला लागू आहे. पण अर्थशास्त्राच्या बाबतीत तो विशेष बोचणारा आहे, कारण तो नेमकेपणाने विचारण्याची भाषा याच शास्त्राने दिली आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी मागणीचा सिद्धान्त शिकवताना पर्यायी आणि पूरक वस्तूंतला फरक सांगितला जातो. चहा स्वस्त झाला तर कॉफीची मागणी घटते, कारण त्या परस्परांना पर्याय आहेत; पण चहा स्वस्त झाल्याने साखरेची मागणी वाढते, कारण ती चहाला पूरक आहे. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान आज जवळपास फुकट झाले आहे. मग ते शिक्षकाला पर्याय आहे की पूरक? पर्याय असेल, तर शिक्षकांची गरज कमी होईल. पूरक असेल, तर चांगल्या शिक्षकाची गरज पूर्वीपेक्षा वाढेल. हे उत्तर तंत्रज्ञान देत नाही. ते वेळापत्रक, कार्यभाराचे नियम आणि परीक्षापद्धती यांतून ठरते; म्हणजेच ते धोरण ठरवते.

तंत्रज्ञानाच्या जोरावर शिक्षणाचा कायापालट करण्याची भाषा आपल्याला नवी नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवले. १९८४ मध्ये दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्गाचे कार्यक्रम सुरू झाले. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला, २०११ मध्ये स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेटचा गाजावाजा झाला आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. यांतील काही प्रयत्न खरोखर मोलाचे होते. तथापि प्रत्येक वेळी भर राहिला तो व्याख्यान दूरवर पोहोचवण्यावर. पलीकडे बसलेल्या विद्यार्थ्याला ते उमगले का, त्याच्या शंकेला उत्तर कोण देणार, याकडे त्या प्रमाणात लक्ष गेले नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच वर्गावर केलेले प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहेत. अमेरिकेच्या ईशान्येकडील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांचे सोडतीने तीन गट पाडण्यात आले : प्रत्यक्ष वर्ग, संमिश्र वर्ग आणि पूर्णतः ऑनलाइन. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्णतः ऑनलाइन गटाला अंतिम परीक्षेत शंभरांपैकी सुमारे पाच गुण कमी पडले; संमिश्र गट मात्र प्रत्यक्ष वर्गाच्या फारसा मागे नव्हता. न्यूयॉर्कच्या बरूक महाविद्यालयात आठवड्याच्या दोन तासिकांऐवजी एकच ठेवून बाकीचे साहित्य ऑनलाइन दिले, तेव्हा फरक जेमतेम दोन-अडीच गुणांचा पडला. वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत २०२०च्या उत्तरार्धात अर्थशास्त्राच्याच अभ्यासक्रमावर असा प्रयोग झाला. तिथे ऑनलाइन शिकणाऱ्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावली आणि सर्वाधिक फटका बसला तो आधीच मागे असलेल्या विद्यार्थ्यांना.

या प्रयोगांचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. शिक्षकाचा सहवास टिकवून पडद्याचा वापर केला तर नुकसान फारसे होत नाही. शिक्षक काढून घेतला तर होते. आणि ते सर्वांचे सारखे होत नाही, दुबळ्यांचे अधिक होते. शिवाय या तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना वीज, संगणक आणि इंटरनेट यांची सहसा भ्रांत नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडे २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के, तर शहरांतील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सुविधा होती. संगणक असलेली कुटुंबे शहरांत २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात अवघी ४.४ टक्के होती. त्यानंतर मोबाइल आणि स्वस्त डेटा यांनी चित्र बरेच बदलले, हे खरे. पण मोबाइल म्हणजे संगणक नव्हे. मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते. हजारो कुटुंबांच्या नोंदींची सारणी उघडून त्यावर काम करता येत नाही. देशातील सुमारे ६० टक्के महाविद्यालये ग्रामीण भागात आहेत. तिथल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला संमिश्र अध्यापनातले ‘ऐकणे’ तेवढे येणार आणि ‘करणे’ शहरातल्या निवडक संस्थांकडे राहणार असेल, तर जुनी दरी नव्या साधनांनी रुंदावेल.

मग वर्गात काय करायचे? याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जायला नको. भारतीय विद्यापीठांतील अर्थशास्त्राच्या अध्यापनाच्या आरंभकाळातच ते सापडते. मद्रास विद्यापीठात भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले गिल्बर्ट स्लेटर यांनी १९१६ मध्ये विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन खेड्यांच्या पाहणीला धाडले. जमीन कोणाकडे, कर्ज कोणाचे, मजुरी किती, याच्या नोंदी विद्यार्थ्यांनी आणल्या आणि १९१८ मध्ये त्यांचे पुस्तक झाले. त्यांतील इरुवेलपट्टूसारख्या गावांची पुढच्या शतकभरात संशोधकांनी पुन्हा पुन्हा पाहणी केली. त्यामुळे दक्षिणेतील ग्रामीण बदलाचा एक दुर्मीळ, सलग आलेख आज उपलब्ध आहे. त्याच सुमारास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला; तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतजमिनीचे तुकडे आणि कुटुंबांचे कर्जबाजारीपण त्यात आकड्यांनिशी मांडलेले होते. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात मिसळून गेले आहे. संगणक तर सोडाच, गणनयंत्रही दुर्मीळ असलेल्या त्या काळात अर्थशास्त्र शिकणे म्हणजे आपल्या भोवतालाला प्रश्न विचारणे, अशी धारणा होती. पुढे विद्यार्थिसंख्या वाढली, वर्ग फुगले, टिपणे आणि मार्गदर्शके आली आणि ती धारणा मागे पडली.

संमिश्र अध्यापन ती परत आणू शकते. एक उदाहरण पाहू. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. श्रमबल, बेरोजगारी, ‘नेहमीची स्थिती’ आणि ‘चालू साप्ताहिक स्थिती’ यांच्या व्याख्या विद्यार्थ्याने घरी चित्रफितीतून समजून घ्याव्यात. त्यासाठी वर्गाचा तास खर्च करण्याचे कारण नाही. वर्गात मात्र शिक्षकाने विचारावे : ही वाढ कशाची आहे? आकडे उलगडले की दिसते, तिचा मोठा भाग ग्रामीण स्त्रियांच्या स्वयंरोजगाराचा आहे आणि त्यात घरच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही आहेत. मग ही वाढ संधीची खूण मानायची की चणचणीची? पूर्वीही होत असलेले काम आता अधिक नीट मोजले जाते आहे, असे तर नाही? घरच्या शेतात खुरपणी करणारी आई या व्याख्येत ‘रोजगारात’ येते, पण दिवसभर घरात स्वयंपाक आणि शुश्रूषा करणारी येत नाही, हे कळल्यावर विद्यार्थ्यांत जो वाद होईल, तोच अर्थशास्त्राचा खरा तास. तो कोणत्याही मंचावर मुद्रित करून ठेवता येत नाही.

यासाठी लागणारी सामग्रीही आता हाताशी आहे. सांख्यिकी मंत्रालय आपल्या सर्वेक्षणांची एकक-स्तरीय विदा विनामूल्य उपलब्ध करून देते. २०२४ मध्ये ‘ई-सांख्यिकी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. रिझर्व्ह बँकेचा भारतीय अर्थव्यवस्थेविषयीचा विदासंच सर्वांना खुला आहे. एके काळी दिल्ली-मुंबईतल्या मोजक्या संशोधन संस्थांकडे असलेले हे धन आज तालुक्याच्या महाविद्यालयातही उघडता येते. उणीव आहे ती ते उघडून दाखवणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाची आणि चालू स्थितीतल्या संगणक कक्षाची.

इथेच धोरणातली खरी मेख आहे. आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे आणि पदांची गरजही बहुधा अशाच कार्यभारावरून मोजली जाते. समजा, एखाद्या अर्थशास्त्र विभागाचा साप्ताहिक कार्यभार ४८ तासांचा, म्हणजे तीन पदांचा आहे. त्यातले ४० टक्के मंचावर गेले आणि ते ‘अध्यापन’ म्हणून मोजायचे नाही असे ठरले, तर उरतात सुमारे २९ तास. कागदावर दोन पदेही भरत नाहीत. केंद्रीय विद्यापीठांतील रिक्त पदांचा आकडा संसदेत वर्षानुवर्षे हजारांच्या घरात सांगितला गेला आहे. राज्यांत अतिथी प्राध्यापकांवर आणि महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर विभाग चालत आहेत. अशा स्थितीत वित्त विभागाला हा हिशेब मोहवणारच. कोणीही ‘शिक्षक कमी करा’ असा आदेश न काढता शिक्षक कमी होतील आणि पूरक म्हणून आणलेली वस्तू पर्यायी होऊन बसेल.

याला एक प्रामाणिक प्रतिवाद आहे. जिथे शिक्षकच नाही, तिथे नामवंत प्राध्यापकाचे मुद्रित व्याख्यान मिळणे काहीच न मिळण्यापेक्षा चांगले नाही का? निश्चितच चांगले. गरिबाच्या मुलाला उत्तम व्याख्यान ऐकण्याचा हक्क नाकारण्याचे पातक कोणी करू नये. साधनाचा परिणाम होतो याचा पुरावाही आहे. दिल्लीत शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलाच्या पातळीनुसार धडे देणाऱ्या संगणकप्रणालीने साडेचार महिन्यांतच गणित आणि हिंदीत लक्षणीय प्रगती घडवली. पण ती मुले केंद्रात येत होती, तिथे देखरेख होती, गटाने शिकवणारी माणसे होती आणि धडे प्रत्येकाच्या पातळीनुसार बदलत होते. सर्वांना एकच चित्रफीत पाठवून घरी बसवणे, ही निराळी गोष्ट आहे.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. विद्यापीठीय अर्थशास्त्राचे दर्जेदार डिजिटल साहित्य प्रामुख्याने इंग्रजीत आहे. मराठी, हिंदी वा ओडिया माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘सीमान्त उपयोगिता’ ही संकल्पना अवघड जात नाही. परक्या भाषेत वेगाने बोललेले वाक्य अवघड जाते. यंत्रानुवादाने हे अंतर काही प्रमाणात कमी होईल, परंतु संज्ञेचा अर्थ भोवतालच्या बाजारातले उदाहरण देऊन उलगडणारा माणूस वर्गातच असावा लागतो.

तेव्हा चार गोष्टी नियमांत स्पष्टपणे याव्यात. पहिली : मंचावर गेलेले तास चर्चावर्ग, विदा-कार्यशाळा आणि क्षेत्रपाहणी यांच्या रूपाने शिक्षकाच्या कार्यभारात तसेच राहतील, त्यांच्या आधारे कोणतेही पद कमी होणार नाही. दुसरी : चर्चावर्गातील विद्यार्थिसंख्येवर मर्यादा असावी, शंभर-सव्वाशे जणांच्या चर्चेला चर्चा म्हणता येत नाही. तिसरी : ऑनलाइन तासांची परवानगी मागणाऱ्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांना खुला असलेला संगणक कक्ष असणे ही पूर्वअट असावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : परीक्षा बदलावी. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतही साधारणतः ७० टक्के गुण सत्रान्त परीक्षेला असतात. आठवणीतून लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी विदा-कार्यशाळेला कशाला येईल? आणि घरून लिहून आणलेला निबंध यंत्राने लिहिलेला असण्याची शक्यता असताना, स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवरची तोंडी परीक्षा हाच विश्वासार्ह मार्ग उरतो.

यासाठी खर्च येईल. डिजिटल अध्यापन स्वस्त पडते, म्हणून ते स्वीकारावे असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण अर्थशास्त्र हेही शिकवते की, कोणत्याही निवडीची किंमत तिच्यामुळे हुकलेल्या संधीत मोजावी लागते. व्याख्यानाच्या पाठांतरातून सुटलेला वेळ प्रश्न विचारायला शिकण्यात गेला, तर संमिश्र अध्यापन ही या पिढीला मिळालेली मोठी संधी ठरेल. तो वेळ पदे गोठवण्यात जिरला, तर अर्थसंकल्पात काही कोटी वाचलेले दिसतील. मात्र तो अर्थसंकल्प वाचता येणारे पदवीधर तयार होणार नाहीत.