पित्ताची गोळी आणि सरकता पट्टा



गेले दोन महिने भोसरीच्या कारखान्यातून घरी परतताना तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर आमची छाती आवळून यायची. कठडा धरून दोन मिनिटे उभे राहिले की बरे वाटायचे. आम्ही त्याला पित्त ठरवून टाकले आणि खिशात गोळ्या बाळगू लागलो. खरी भीती वेगळीच होती. दवाखान्यात गेलो आणि काही निघाले तर? रजा, खर्च, त्यात थोरलीची बारावी!

विहारात रक्तदाब तपासणीचे शिबिर भरवले तेव्हा लोकांची कार्डे आम्हीच भरली. "दुखणे अंगावर काढू नका," असे माईकवरून सांगितलेही. आमचे कार्ड मात्र कोरेच राहिले. शेवटी शर्ट धुताना आमच्या आयुष्यमतींना गोळ्यांची रिकामी पाकिटे सापडली. "लोकांना सांगता, स्वतः कधी ऐकणार?" एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला ईएसआयच्या दवाखान्यात नेऊन उभे केले.

पडून काढलेला ईसीजी चांगला आला. आम्ही खूश! पण डॉक्टरांनी समजावले, "पडून असताना हृदयाला रक्त कमी लागते. अरुंद झालेली रक्तवाहिनीही तेवढे पुरवते. चढ चढताना मागणी वाढते, तेव्हा खरे काय ते कळते." म्हणून स्ट्रेस टेस्ट.

छातीवर चकत्या चिकटवून वायरी जोडल्या आणि सरकत्या पट्ट्यावर चालायला लावले. दर तीन मिनिटांनी वेग वाढतो, चढही वाढतो. २२० मधून वय वजा करायचे, उरेल त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे. आमचे वय ४६, म्हणजे १४८. बी.कॉम.चा हिशेब चालता चालता जमला. पण तिथवर पोचण्याआधीच, सातव्या मिनिटाला, छाती आवळली आणि पट्टा थांबवला गेला. तंत्रज्ञ कागदाकडे पाहत होते, आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे. "डॉक्टर शुक्रवारी सांगतील," एवढेच उत्तर मिळाले. त्रास झाल्यास जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन घरी आलो.

मंगळवार ते शुक्रवार! रात्री जाग आली की आयुष्यमतीही जाग्याच असायच्या. थोरली बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे.

शुक्रवारी निकाल आला, 'पॉझिटिव्ह'. एरवी बरा वाटणारा हा शब्द इथे बरा नसतो. मात्र तेवढ्यावरून रक्तवाहिनी तुंबलीच आहे असेही ठरत नाही. खात्रीसाठी अँजिओग्राफी करतात. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि औषध सोडून एक्स-रेत रक्ताची वाट पाहतात. आमची येत्या बुधवारी आहे.

दर महिन्याला कामगारांच्या पगारातून ईएसआयचा पाऊण टक्का कापण्याचे काम आमच्याच हातून होते. मालकाचे सव्वातीन टक्के त्यात पडतात. नियमात बसणाऱ्या आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, हे इतरांना आम्हीच समजावतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. आडारकरांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला आणि १९४८ साली कायदा झाला. एवढे असून आम्ही दोन महिने पित्ताच्या गोळ्या खाल्ल्या! ज्यांना ईएसआय नाही, त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

आणि एक. बसल्या जागी छाती दाबून आली, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर निकालाची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

बुधवारी काय निघाले ते पुढच्या अंकी कळवू. तोवर आपल्या घरात कुणाच्या खिशात पित्ताच्या गोळ्या आहेत, तेवढे पाहून ठेवा.

जयभीम!