देवाला लोड, आम्हाला स्टूल

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण तसं क्षुल्लक आहे, पण सांगतोच. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालंय. (आत्या, तू हे वाचणारच, म्हणून आधी सांगतो, शुगर निघालेली नाही. काळजी करू नकोस.)

मी करकंबहून रोज एसटीने पंढरपूरला जातो, कापडाच्या दुकानात कामाला. सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभं राहायचं. वरच्या फळीवरचा तागा काढायचा तर चवड्यांवर. त्यात दिवाळीला घेतलेले टोकाला निमुळते बूट, दिसायला एकदम झकास! आधी संध्याकाळी मुंग्या यायच्या, बूट काढले की जायच्या. मग त्या जाईनात. आणि एका रात्री उंबऱ्याला ठेच लागली तर मला पत्ताच नाही. फरशीवरचे लाल ठसे बघून बायको ओरडली तेव्हा कळलं.

तेव्हा मात्र टरकलो. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. बोटं बधिर होण्यामागे मधुमेह असू शकतो, ब-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं, कुष्ठरोगाची सुरुवातही अशी होऊ शकते. (म्हणून कुणाला असं होत असेल तर नुसतं तेल चोळत बसू नका, दाखवून या.) माझ्यात यातलं काही निघालं नाही. चवड्यावर सतत भार आणि बाजूंनी बुटाचा दाब, यात बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा चेपल्या गेल्या होत्या. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात ना, तसंच, फक्त रोज दहा तास. दाब काढला की नस हळूहळू सावरते. आठवडे लागतात, कधी महिने. उपाय काय, तर ऐसपैस चप्पल आणि "मधूनमधून बसत जा".

बसत जा! पण कुठे? दुकानात खुर्च्या आहेत, त्या गिऱ्हाइकांच्या. मालकांना विचारलं तर म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक आलं आणि आपला माणूस बसलेला दिसला, तर बरं दिसतं का?" मालक वाईट नाहीत, डॉक्टरांकडे जायला सुट्टी त्यांनीच दिली. त्यांना खरंच तसं वाटतं. माझं भांडण आहे ते या 'बरं दिसण्या'शी.

केरळात कापडदुकानांतल्या बायका यासाठी कित्येक वर्षं भांडल्या. २०१८ मध्ये तिथे दुकानांच्या कायद्यात कामगारांना बसायची सोय सक्तीची झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच, उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्या, असं कलम होतं. २०२० च्या नव्या संहितेतही ते आलंय. पण चार माणसांच्या दुकानात कायदा पोचायचा तेव्हा पोचेल.

मला आपलं पंढरपूरच आठवतं. आमचा विठोबा म्हणजे उभं राहणाऱ्यांचा देव. आषाढीला दर्शन चोवीस तास सुरू ठेवतात, तेव्हा त्याचा पलंगसुद्धा काढून ठेवतात. पण त्याच दिवशी त्याच्या पाठीला कापसाचा लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. का? तर उभं राहून देव शिणतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा करून तो शिणवटा घालवतात. दगडाच्या मूर्तीची पाठ दुखेल हे ज्या गावाला शेकडो वर्षं कळतं, त्याच गावात काउंटरमागच्या पोरीचे पाय दुखतात हे कळू नये?

कुणी म्हणेल, एका स्टुलाने काय होतं. माझं म्हणणं, स्टुलाने माणूस आळशी होत नाही. तो दोन मिनिटं टेकतो आणि पुढचा तागा हसून दाखवतो. आणि तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा एवढं करा, समोरचा माणूस बसलेला दिसला तर कपाळाला आठी घालू नका. जमलं तर "बसा हो" म्हणा. गिऱ्हाइकाला चालतंय म्हटल्यावर मालकाला का चालू नये?

असो. मागच्या आठवड्यात मीच एक लाकडी स्टूल विकत घेऊन एसटीत घालून नेलं आणि काउंटरमागे ठेवलं. मालकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आता आम्ही चौघं पाळीपाळीने बसतो. काल अंगठ्याला फरशी थोडी गार लागली.