अल्झायमरचे निदान : रक्तातील खुणा किती बोलक्या?

भंडारा : साठी उलटलेल्या आई-वडिलांना नावे आठवेनाशी झाली, नेहमीची वाट चुकू लागली, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय संपविण्याची रीत जिल्ह्यात जुनी आहे. यातील काही ज्येष्ठांना प्रत्यक्षात अल्झायमर हा मेंदूचा आजार असतो. तो रक्ततपासणीतून ओळखता यावा यासाठी जगभरातील संशोधकांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’, म्हणजेच ऑक्सिडीकरणाच्या ताणाचे निर्देशक तपासून पाहिले आहेत. मात्र, भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या निर्देशकांवर कितपत विसंबावे, याचा विचार होणे आवश्यक आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. या ज्वलनातून ‘फ्री रॅडिकल्स’ हे अस्थिर कण तयार होतात. त्यांना आवर घालणारी शरीराची यंत्रणा कमी पडली, की पेशींतील स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि डीएनए यांची हानी होते. मेंदूत स्निग्धांशाचे प्रमाण मोठे असल्याने तेथे हा धोका अधिक. स्निग्धांशाच्या हानीतून निर्माण होणारे मॅलॉनडायअल्डिहाइड हे द्रव्य अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तात वाढलेले असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसले. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या संरक्षक विकराबाबत मात्र अभ्यासांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

खूण एक, कारणे अनेक

खरी अडचण पुढेच आहे. हे निर्देशक केवळ अल्झायमरमध्ये वाढतात असे नाही. मधुमेह, धूम्रपान आणि मूत्रपिंडाचे विकार यांतही ते वाढतात. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारातही हा ताण मोठा असतो. त्यामुळे या भागातील एखाद्या वृद्धाच्या रक्तात मॅलॉनडायअल्डिहाइड अधिक आढळले, तरी त्याचे मूळ मेंदूत आहे की अन्यत्र, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. गटागटांची तुलना करणाऱ्या संशोधकास हा निर्देशक उपयोगी आहे. दारात बसलेल्या एका रुग्णाचे निदान करण्यास तो पुरेसा नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी पहिल्या रक्तचाचणीस मान्यता दिली. ती चाचणीही या ताणाची नसून पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड या प्रथिनांच्या गुणोत्तराची आहे. तीदेखील लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आणि अन्य तपासण्यांच्या जोडीने वापरावयाची आहे.

गोळ्यांचा मोह

ताण वाढतो, तर तो कमी करणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात, हा तर्क वरवर पटणारा आहे. १९९७ मध्ये ३४१ रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने आजाराची वाटचाल काहीशी मंदावली. २०१४ मध्ये ६१३ रुग्णांच्या चाचणीतही दैनंदिन व्यवहारांतील घसरण थोडी कमी झाली. परंतु २००५ मध्ये सौम्य विस्मरण असलेल्या ७६९ जणांना या जीवनसत्त्वाने आजारापासून वाचविले नाही. साडेसात हजारांवर पुरुषांच्या चाचणीचा २०१७ मधील निष्कर्षही प्रतिबंधाच्या बाजूने नव्हता. मोठ्या मात्रेचे धोकेही आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा संभव असतो.

जिल्ह्यापुढील प्रश्न

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातील साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख होती आणि तीतील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील शेतकरी कुटुंबाला मेंदूविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी नागपूरची वाट धरावी लागते, तेव्हा हे आकडे केवळ कागदावरचे राहत नाहीत.

अशा कुटुंबाची पहिली गरज महागडी चाचणी ही नाही. ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. ही तपासणी आधी व्हावयास हवी. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे १४ घटकांवर नियंत्रण ठेवून टाळता किंवा लांबविता येण्याजोगी आहेत. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, श्रवणदोष, दृष्टिदोष आणि अल्पशिक्षण यांचा त्यांत समावेश आहे. यांपैकी बहुतेकांची दखल प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर घेता येते. मोतीबिंदूची वेळेवर शस्त्रक्रिया हाही त्याचाच भाग होय.

रक्तातील खुणांचे संशोधन चालू राहिलेच पाहिजे. परंतु ते रुग्णाच्या उपयोगी पडावे, यासाठी रुग्ण आधी डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. विस्मरणाला वार्धक्याचा भाग मानून घरातच ठेवले जाते, तोवर उत्तमातील उत्तम रक्तचाचणीही त्याच्या उपयोगाची नाही.